मदत हवी आहे: खारघरला लहान मुलाची प्रोटॉन थेरपी

नमस्कार मंडळी. माझा भाचा सात वर्षांचा आहे. मेंदूतली मेड्युलोब्लास्टोमाची (एक प्रकारच्या कॅन्सरची) गाठ काढून तीन आठवडे झाले. आता डोक्याला आणि अख्ख्या पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यायचंय, आणि ते फार लांबवूनही चालत नाही. डॉक्टर म्हणाले, जमलं तर एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं रेडिएशन घ्या. नेहमीचे एक्स-रे कण्यातून आरपार जाऊन पुढे हृदय, फुप्फुसं, आतड्यांनाही लागतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून तिथेच थांबतात. वाढत्या अंगाच्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलेली ही कल्पना आपल्याकडे चेन्नईत २०१९ ला आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात २०२३ ला आली.

खारघरला कुणाच्या मुलाने हे उपचार घेतलेत का? नंबर किती दिवसांत लागला? पाच-सहा आठवडे राहायची सोय कुठे केलीत? आणि मुख्य म्हणजे रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसवतात तो जाळीचा मास्क. परवा एमआरआयला आत जाताना भाच्याने ताईचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. रोज भूल द्यावी लागली का, की मुलं सवयीने शांत पडून राहतात? ताईला काय सांगू, प्लीज कळवा.