क्रिएटिनिनचा आकडा: तुमच्या घरचे अनुभव सांगा

मिरजेची सून
आज लॅबबाहेर तालमीतला एक पोरगा रिपोर्टात क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी तो गाळून बाहेर टाकते) १.४ बघून रडकुंडीला आला होता. मला आमच्या आत्याबाई आठवल्या. वय ७२, अंगानं बारीक, क्रिएटिनिन १.१. सगळे म्हणायचे, नॉर्मल आहे. नव्या डॉक्टरांनी वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढला तर कमी, ५३! तोच १.१ पंचविशीतल्या पुरुषाचा असता तर ९५ आला असता. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आत्याबाईंच्या अंगावर मांसच नाही, मग आकडा वाढणार कुठून? अशा म्हाताऱ्या बायका घरोघरी आहेत, म्हणून लिहितेय.

विटेकर
धाकटा भाऊ पैलवान. त्याचाही १.४. सिस्टॅटिन सी केलं, किडनीचीच दुसरी रक्ततपासणी, एकदम व्यवस्थित. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं.

कृष्णाकाठ
आखाडात रात्री मटण हाणून सकाळी रक्त दिलं की वाढणारच. शिजलेल्या मटणातच क्रिएटिनिन असतं. दाजींचं तसंच झालं, साधं जेवून परत केलं तर खाली.

पळणारा सातारकर
हिल मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी तपासलेलं, वाढलेलं. अंगात पाणी कमी, स्नायूंवर ताण. डॉक्टर म्हणाले विश्रांती घे, मग बघू.

कृष्णाकाठ
यंदा पळणार का? यवतेश्वर घाटात पाऊस लई आहे म्हणे

पळणारा सातारकर
पळणार की! या तुम्ही पण, घरीच उतरा.

औषधवाली ताई
लघवीच्या इन्फेक्शनला ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी दिली तरी आकडा चढतो. किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट ती अडवते, गाळण कमी झालेली नसतानाही. पण हीच गोळी पोटॅशियमही वाढवू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. आणि विटेकर, सिस्टॅटिनलाही थायरॉइड, स्टेरॉइड, सिगरेटनं फरक पडतो.

विटेकर
आईला थायरॉइड आहे, बरं झालं सांगितलंत ताई

तासगावची
आत्याबाई आता कशा आहेत गं? शुगर आहे का त्यांना?

मिरजेची सून
आहे ना. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) पण तपासलं, थोडं जातंय. तीन महिन्यांनी दोन्ही परत करायचंय. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्यात, गुडघ्याला शेक देते.

तासगावची
निरगुडीचा पाला हवा तर पाठवते, बांधावर भरपूर आहे. शेकायलाच हं, पोटात नको.