डी-मायनर ओपन ट्यूनिंगमध्ये मेजर कॉर्ड कुठून आणायचे?

खामल्याचा_गिटारी

नमस्कार मंडळी. बरेच महिने डॅडगॅडमध्ये (तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून) वाजवत होतो. परवा बारीक तारेपासून मोजून तिसरी तार जीवरून एफवर उतरवली. जाड तारेपासून आता डी-ए-डी-एफ-ए-डी असं लागलंय. काही न दाबता हात फिरवला की डी-मायनर कॉर्ड (एकदम वाजणारे सूर, उदास छटेचे), आणि गिटारचं पोट अख्खं घुमतं.

पण आडवं बोट घेऊन कुठंही गेलो तरी मायनरच येऊन राहिला आहे. पाचव्या फ्रेटला (पडद्याला) जी-मायनर, सातव्याला ए-मायनर, दहाव्याला सी-मायनर. मित्राच्या गझलेला चाल लावतोय. मतला मस्त बसला, पुढच्या शेरांत एफ आणि सी मेजर पाहिजेत, ते सापडेनात. सगळी गझल एकाच सुरात रडते.

शिवाय तिसरी तार फार ढिली पडली आहे, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर फरफरते. तारांचा सेट दहाचा, म्हणजे बारीक आहे. त्यापेक्षा ओपन ई-मायनर करू का? ताण तरी राहील.

बर्डीचा_ऑर्केस्ट्रावाला

भाऊ, आधी शेवटचं घेतो, कारण त्यात तुमच्या गिटारचं नुकसान आहे. ई-मायनरसाठी नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा पाचवी आणि चौथी तार दोन-दोन फ्रेट वर चढवावी लागते. तीच तार दोन फ्रेट चढवली तं ताण साधारण २६ टक्के वाढतो, दोन फ्रेट उतरवली तं २० टक्के कमी होतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात दिवसभर कोरडी भट्टी आणि संध्याकाळी कूलर सुरू झाला की खोलीत ओल. लाकूड तसंच फुगून-आकसून राहिलं असते, त्यात वरून ताण काहून वाढवता? डी-मायनरच ठेवा. ई पाहिजे तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा. सेट मात्र बाराचा टाका, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या तारा. फरफर बरीच जाईल. आणि हो, गिटार कूलरच्या समोर ठेवू नका. हे मी कोणालाही सांगतो, विचारलं नसलं तरी.

आता मेजर. आडवं बोट विसरा जरा. तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एक बोट ठेवा, बाकी सगळं खुलं. एफचा एफ-शार्प झाला, डी-मेजर झाला. या ट्यूनिंगचा जीव त्या एका तारेत आहे. मिसिसिपीतल्या बेंटोनियाच्या ब्लूज गायक-गिटारवादक स्किप जेम्सनं १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं, त्यात याच जातीचा मायनर आहे. ऐकताना तिसऱ्या तारेकडे कान ठेवा. मायनरमधून मेजरकडे आणि परत, असं एकसारखं चालते.

आडव्या बोटालाही हाच नियम. कुठंही बार (आडवं बोट) धरा आणि तिसरी तार एक फ्रेट पुढं दाबा, मेजर तयार. सातव्याला बार, तिसऱ्या तारेवर आठवा: ए-मेजर. मतल्यावर परत यायला याच्याइतकी चांगली जागा नाही.

पण तुमच्या गझलेला खालच्या जागा जास्त शोभतील. जाड तारेपासून लिहितो, ० म्हणजे खुली, × म्हणजे वाजवायची नाही.

बी-फ्लॅट मेजर: × १ ० ० १ ०
जी-मायनर: × १ ० २ १ ०
एफ मेजर: ३ ३ ३ ० ० ×
सी मेजर: × ३ २ २ ३ २

पहिले दोन पाहा. फरक फक्त तिसऱ्या तारेचा, बाकी हात जागचा हलत नाही. मी असतो तं अर्धा शेर या दोघांवरच काढला असता. एफला जाड तिन्ही तारा एकाच बोटानं दाबा. सीला जरा मेहनत आहे, दुसऱ्या फ्रेटला अर्धा बार आणि दोन बोटं तिसऱ्याला.

पांढरी_दोन

मी गिटारवाली नाही, हार्मोनियम वाजवते, धरमपेठेत मुलांना शिकवते. पण हे वाचून राहवलं नाही. डी म्हणजे आमची पांढरी दोन, पेटीची दुसरी पांढरी पट्टी. तिथं सा धरला तर तुमच्या सहा तारा झाल्या सा-प-सा-ग-प-सा, त्यातला ग कोमल. म्हणजे तंबोरा आणि वर कोमल गंधार. कॉर्ड राहू द्या बाजूला, पहिल्या तारेवर भीमपलास वाजवून पाहा. चढताना ०, ३, ५, ७, १०, १२. कोमल नि दहाव्याला. उतरताना १२, १०, ९, ७, ५, ३, २, ०. शुद्ध ध आणि शुद्ध रे उतरतानाच घ्यायचे. पाचव्या फ्रेटच्या मध्यमावर थांबा, तिथून गंधाराकडे घसरत या, खालच्या तारा आपोआप वाजत राहतील.

मालकंस मात्र यात नको. त्यात पंचमच नाही आणि तुमच्या दोन तारा सतत पंचम बोलतात. हवाच असेल तर पाचवी आणि दुसरी तार जीवर उतरवा, म्हणजे मध्यम मिळेल.

एक शंका आहे, ऑर्केस्ट्रावाले काकांना. तिसरी तार मशीनवर (ट्यूनरवर) लावायची की कानानं?

बर्डीचा_ऑर्केस्ट्रावाला

ताई, बरं विचारलं. कानाला जो कोमल गंधार गोड लागतो तो मशीनच्या एफपेक्षा १६ सेंट वर असतो (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग). नुसतं भीमपलास वाजवायचं असेल तं तसाच लावा, खुल्या तारा एकदम एकजीव होतात. पण मग पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की शुद्ध गंधार चढतो, कारण तो कानाला मशीनपेक्षा १४ सेंट खालीच बरा वाटतो. दोन्हीकडून मार. म्हणून गझलेसाठी मशीनवर लावा, थोडा उतरताच ठेवा. ढिली तार जोरानं दाबली तं अजून चढते, म्हणून त्या बोटाचा हात हलका पाहिजे.

सदरचा_स्टँडर्ड

एवढी खटपट कशाला? डॅडगॅडमध्ये मेजर नाही, मायनर नाही, गायकाला जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या. इथं खुला एफ सतत नाकात बोलतो. गायकानं चुकून शुद्ध गंधार घेतला की संपलं.

बर्डीचा_ऑर्केस्ट्रावाला

तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट दाबा ना भाऊ. जी आला, तुमचं डॅडगॅड तिथंच आहे. खुली मायनर, पहिल्यावर मेजर, दुसऱ्यावर तुमचं. गायकाचं म्हणाल तं शुद्ध गंधार ऐकू आला की पहिल्या फ्रेटवर बोट टेकवायचं, एवढं काम गिटारवाल्यानं करायलाच पाहिजे.

सदरचा_स्टँडर्ड

हे मान्य. पण एक बोट कायम तिथं अडकणार.

खामल्याचा_गिटारी

सगळ्यांचे आभार. बी-फ्लॅट आणि जी-मायनरवर पहिला शेर बसला. दुसऱ्यात एफवरून सीवर जाताना बोटं गडबडतात, ते सरावानं होईल. बाराचा सेट आणतो. ताई, उतरताना नवव्या फ्रेटवरून सातव्यावर खेचत यायचं की वेगळं छेडायचं?

पांढरी_दोन

खेचत. ध वर थांबू नका, तो जाता जाताच लागला पाहिजे.