सूचनेतला ‘आपण’ म्हणजे कोण?

शंका

आमच्या वाड्यावर, फोंड्याजवळ, जत्रेआधी देवळाच्या फळ्यावर सूचना लागली: ‘रविवारी सकाळी आपण सर्वांनी देवळाचा परिसर साफ करावा.’ माझी मुलगी आठवीत आहे. तिने विचारले, हा ‘आपण’ पुरुषवाचक (‘मी’, ‘तुम्ही’सारखा) की आत्मवाचक (‘स्वतः’ या अर्थाचा)? आणि लिहिणारेही झाडू घेऊन येणार आहेत, की फक्त आम्हाला सांगताहेत? घरी आम्ही कोकणी बोलतो, त्यामुळे मी अडले. पुस्तकात नियम आहे की आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या आरंभी येत नाही. तेवढ्यावर भागते का?

उत्तर

नाही भागत. मुलीचा दुसरा प्रश्नच खरा व्याकरणाचा आहे.

मराठीत मूळ सर्वनामे नऊ मानतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. प्रकार सहा. त्यांतले बहुतेक सरळ आहेत. ‘जो’ संबंधी, ‘हा’ दर्शक. ‘कोण’, ‘काय’ प्रश्नार्थक, पण ‘कोण कधी येईल सांगता येत नाही’ अशा वाक्यात सामान्य, म्हणजे नक्की कोण ते न सांगणारा. एक जपायचे: ‘हा माझा भाऊ’ यात ‘हा’ सर्वनाम, ‘हा मुलगा माझा भाऊ’ यात विशेषण, कारण नाम शेजारीच आहे.

‘आपण’ मात्र एकटा तीन कामे करतो. ‘आपण उद्या म्हापशाच्या बाजारात जाऊ’ यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आले. ‘आपण कधी आलात?’ यात ‘तुम्ही’चा आदरार्थी अवतार. दोन्ही पुरुषवाचक, पहिला प्रथम पुरुष, दुसरा द्वितीय. ‘त्याने सांगितले की आपण उद्या येणार नाही’ यातला ‘आपण’ मागे वळून ‘त्या’कडेच बोट दाखवतो. हा आत्मवाचक.

आता वर्तमानपत्र उघडा. ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी सांगितले.’ मराठी बातमीत रोज दिसणारी ही रचना. आत्मवाचकच आहे, आणि वाक्याच्या अगदी तोंडाशी बसला आहे. पुस्तकातला नियम साध्या वाक्यापुरता बरोबर आहे. बातमीत गौण वाक्य पुढे आले की तो टिकत नाही. म्हणून मुलीला जागा बघायला शिकवू नका. हा शब्द कोणाबद्दल बोलतो आहे, एवढे विचारायला शिकवा.

तुमच्या फळ्यावरचा ‘आपण’ पुरुषवाचक, हे नक्की. पण प्रथम की द्वितीय? एरवी क्रियापद सांगते: ‘जाऊ’ म्हटले की आपण सगळे, ‘याल’ म्हटले की तुम्ही. ‘करावा’ मात्र कर्माप्रमाणे चालते. परिसर पुल्लिंगी म्हणून ‘करावा’. जागा असती तर ‘करावी’. कर्त्याचा पुरुष त्यात उमटतच नाही, म्हणून दोन्ही अर्थ तितकेच बरोबर. निमंत्रणपत्रिकेत ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहावे’ लिहितो तेव्हा गोंधळ होत नाही, कारण तिथे बोलावणारा वेगळा आणि येणारा वेगळा, हे सर्वांना ठाऊक असते. गावाच्या सफाईत ते ठाऊक नसते. ‘आपण सर्वजण साफ करूया’ लिहिले असते तर प्रश्नच नव्हता.

एका शिक्षिकेची पुरवणी

मी पेडण्याला बरीच वर्षे मराठी शिकवले, म्हणून कोकणीच्या बाजूने थोडे.

कोकणीत ‘आमी’ एकच. ‘आमी वचूंया’ म्हणताना समोरचाही त्यात असतो. त्यामुळे आमची मुले निबंधात ‘चल, आम्ही जाऊया’ असे लिहितात. मराठी कानाला ते फार खटकते, कारण मराठीतला ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला दाराबाहेर ठेवतो. मी वर्गात दोन मुले उभी करायचे आणि तिसऱ्याला म्हणायचे, ‘आम्ही जेवायला जातो.’ त्याचा चेहरा पडायचा. मग ‘आपण जेवायला जाऊ.’ एवढ्यावर फरक समजायचा, व्याख्या लागत नसे.

पण आत्मवाचकात हीच मुले पुढे. ‘ताणें सांगलें की आपूण फाल्यां येतलो’ हे त्यांच्या तोंडी लहानपणापासून आहे. ‘ताणें आपलें पुस्तक घेतलें’ हेही. मराठीत आता ‘त्याने त्याचे पुस्तक घेतले’ असे सर्रास लिहितात, आणि पुस्तक स्वतःचे की दुसऱ्याचे ते कळत नाही. ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ म्हटले की कळते. हा ‘आपले’ मराठीने हातचा घालवू नये असे मला मनापासून वाटते. घरी कोकणी बोलता म्हणून अडलात असे लिहिले आहे. या एका बाबतीत तुमच्या घरची भाषाच मुलीला आधार देईल.

पुन्हा शंका

दोघांचेही आभार. मुलीला वाचून दाखवले. तिचे आणखी एक विचारणे आहे: मुंबईचा मामेभाऊ ‘आपण नाही घाबरत कोणाला’ म्हणतो. तो तर एकटाच असतो.

उत्तर

तो चौथा ‘आपण’, बोलीतला. अर्थ ‘मी’चा, रूप मात्र अनेकवचनीच. हे मुलीला स्वतःच्याच तोंडून पटेल. ती ‘मी गेले’ म्हणते ना? पण ‘आपण तर नाही गेलो बाई’ म्हणताना ‘गेले’ म्हणणार नाही.