अल्ट्रावाइडवर पोलरायझर लावूच नये, मी म्हणतो

राजहंसगडी
गेल्या डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास बेळगावजवळच्या राजहंसगडावर होतो. फुल फ्रेम कॅमेरा, १६ मिमीची अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य घेणारी) लेन्स, पुढे पोलरायझर (आभाळ गडद करणारा, चकाकी मारणारा, फिरवायचा फिल्टर), तोंड उत्तरेला, आभाळ लख्ख. घरी येऊन बघतो तर मध्याच्या जरा उजवीकडे काळपट निळा उभा पट्टा आणि डावीकडे आभाळ फिकट. शहापुरी साडीचा रंग एकाच जागी उतरावा तसं. बायको म्हणाली, "तिकडं पाऊस आला होता काय?"

कारण सरळ आहे. पोलरायझर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड अडवतो. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळात हे ध्रुवीकरण सगळ्यात जास्त, तिथून दोन्हीकडे कमी होत जातं. २४ मिमी आडवे ७४ अंश बघते, १६ मिमी ९७. म्हणजे गडदही एकाच चौकटीत, फिकटही. दोन तास एडिट करत बसलो, पट्टा काही जाईना. माझं मत, २४ च्या खाली पोलरायझर पिशवीतच राहू दे. फुगीर काचेच्या १४-२४ ला तर फिल्टरचे आटेच नसतात, तिथं फिल्टरची १५० मिमीची चौकोनी काच आणि ती धरायला होल्डर. त्या पैशात नवीन ट्रायपॉड येतो.

जांबोटीकर
आभाळासाठी लावतोस आणि फिल्टरला शिव्या देतोस! आमच्या खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर निळं आभाळ दिसतंय कुठं? ढगातून आलेल्या उजेडात ध्रुवीकरण जवळजवळ नसतंच, मग पट्टा कुठून येणार? चोर्ला घाटाच्या वाटेवर ओली पानं, ओले कातळ, सगळ्यांवर पांढरी चकाकी. पोलरायझर फिरवला की खालचा हिरवा रंग वर येतो. हे एडिटमध्ये होत नाही की वो, चकाकीनं झाकलेला रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो. माझ्या १६ वरून पावसाळाभर तो निघतच नाही.

राजहंसगडी
पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) त्याचं काय? झाडीत आधीच अंधार.

जांबोटीकर
धबधब्यापुढं तेच तर पाहिजे. शटर १/१५ सेकंदाचा १/४ झाला की पाण्याला ओघ दिसतो. नुसता उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्यायचे पैसे वाचले. ट्रायपॉड नसेल तर घरी बसा.

घटप्रभेकाठी
गोकाकच्या धबधब्याला या आणि मग बोला. ५२ मीटरवरून पाणी पडतं, फवाऱ्यात इंद्रधनुष्य उठतं. इंद्रधनुष्याचा प्रकाश कमानीच्या रेषेतच ध्रुवित असतो. फिल्टर एका कोनात ठेवला की कमानीचा माथा गायब, पाय शाबूत. ९० अंश फिरवला की माथा आला, पाय गेले. टेलिवर (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर) कमानीचा एक तुकडा घेतला तर फिल्टरनं तो उलट उठून दिसतो. वाइडवर अख्खी कमान घ्यायची तर फिल्टर काढायलाच लागतो. मी न काढता घेतली होती. पाय नसलेलं इंद्रधनुष्य भिंतीवर लावता येतं काय?

टिळकवाडीचा
एवढं भांडण कशाला? ३५ मिमीनं चार फोटो घ्या, जोडा, झाला वाइड.

राजहंसगडी
पोलरायझर लावून पॅनोरामा? दर फोटोत आभाळाची छटा वेगळी. पट्टा तोच, वर सांधे दिसतात ते वेगळे.

मुतगेकर
राजहंसगडी, तुमचा मुद्दा बरोबर, पण "लावूच नये" हे जास्त झालं. शेवटपर्यंत फिरवायचा कशाला? निम्म्यावर थांबा, पट्टा बराच फिका पडतो. नाहीतर ट्रायपॉडवरून दोन फोटो घ्या, एक फिल्टर फिरवून पाण्याची चकाकी मारलेला, दुसरा तो परत वळवून. आभाळ दुसऱ्यातलं, जमीन पहिल्यातली. शेततळ्यावर मी असंच करतो. आणि यूव्ही फिल्टरवर पोलरायझर चढवू नका, कोपरे काळे होतात. पातळ कडीचाच घ्या.

राजहंसगडी
बरं. पावसाळ्यातल्या झाडीपुरतं मागं घेतो. निळ्या आभाळाचं मात्र घेणार नाही. दोन फोटो जोडायचे तर मग आभाळाला फिल्टर नकोच होता, हेच मी सांगतोय की!

नवशिका
मधेच विचारतो, माफ करा. काल पावसात ८२ मिमीचा पोलरायझर लेन्सवर घट्ट बसलाय. जोर लावला तर पुढची कडीच फिरते, मागची हलत नाही.

जांबोटीकर
पुढची कडी फिरण्यासाठीच असते. मागच्या पातळ कडीला रुंद रबरबँड लाव, तळहातानं सगळीकडून सारखं धर आणि हळू फिरव. चिमटीत दाबलास तर कडी वाकते, आणखीच आवळते. पकड आणू नकोस.