फिल्टर : गाळणी, चाळणी की आणखी काही?

अनुस्वार : लिनक्सच्या टीसी (ट्रॅफिक कंट्रोल) आज्ञेवर, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं कोणत्या क्रमाने नि वेगाने जातील ते ठरवणाऱ्या आज्ञेवर, मराठीत टिपण लिहितोय. 'ट्रॅफिक फिल्टर'ला 'वाहतूक गाळणी' लिहिलं, पण वाचताना खटकतंय. दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

रांगेतला : खटकणारच. गाळणं म्हणजे वगळणं. शाळेपासून 'गाळलेल्या जागा' भरतोय आपण. हा फिल्टर काही वगळत नाही. पॅकेटच्या हेडरमधला पत्ता, पोर्ट, डीएससीपी (पॅकेटला कशी वागणूक द्यायची ते सांगणारा आकडा) बघतो आणि 'तू 1:10 या वर्गात जा, तू 1:20 मध्ये' एवढंच सांगतो. कुणाला आधी सोडायचं, किती वेगाने, ते पुढे रांगेचं काम. फायरवॉलला गाळणी शोभते.

जोडाक्षर : मग चाळणी?

रांगेतला : ती दोनच वाटण्या करते, त्याही आकारावरून. इथे वर्ग दहाही असतील.

वेलांटी : 'प्रतवारी' कुणी सुचवायच्या आत सांगते, नको. प्रत म्हटली की दर्जा आला. आवाजाचं पॅकेट उंची आणि फाइलचं हलकं असं थोडंच आहे? आवाजाला उशीर सोसत नाही, फाइलला सोसतो, म्हणून आवाजावर डीएससीपी 46 चा शिक्का. (यू32 या फिल्टरच्या प्रकारात तेच 184 लिहावं लागतं, कारण तिथे अख्खा बाइट जुळवतात आणि डीएससीपी त्यातले वरचे सहा बिट. माझी एक संध्याकाळ यात गेली आहे.) मी 'वर्गवारीचा नियम' म्हणेन.

अनुस्वार : वर्गवारी पटली. बोलताना मात्र 'फिल्टर लावला'च म्हणणार. आणि फिल्टरच्या 'प्रायो'ला (प्रायॉरिटीचा आकडा) अग्रक्रम लिहिलंय, ते चालेल ना?

वेलांटी : तिथेच तर घोळ होतो! फिल्टरचा प्रायो म्हणजे कोणता नियम आधी तपासायचा. आकडा लहान तो आधी. पॅकेटला त्याने काही झुकतं माप मिळत नाही. एचटीबी या रांगेच्या प्रकारातल्या वर्गालाही प्रायो असतो, तो खरा अग्रक्रम. फिल्टरच्या प्रायोला 'तपासणीचा क्रम' लिहा, नाहीतर वाचणारा नियमाचा आकडा बदलत बसेल आणि आवाज तुटतच राहील.

जोडाक्षर : रांगेतले, एक शंका. फिल्टरला पोलिसिंग जोडलं की वेगमर्यादेवरची पॅकेटं तिथल्या तिथे टाकून देता येतात ना? मग 'काही वगळत नाही' कसं?

रांगेतला : बरोबर पकडलंत. शेपिंगमध्ये पॅकेट थांबवून ठेवतात, पोलिसिंगमध्ये टाकून देतात. अनुस्वार, तुमची गाळणी खोडू नका, त्या परिच्छेदात लागेल.