गाणं लेकीचं, ऐकणारा मुलगा, तरी ते माझंच वाटतं. असं चालतं का?

कोपरखैरणेकर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं. पी. सावळारामांचं 'कल्पवृक्ष कन्येसाठी' लहानपणापासून ऐकतोय, वसंत प्रभूंची चाल, लतादीदींचा आवाज, छान गाणं, बास एवढंच. माझ्या बाबांनी ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत आयुष्य काढलं, ओव्हरटाइम करून करून कोपरखैरण्याला वन बीएचके बुक केला आणि पझेशनच्या चार महिने आधी गेले. मेन दाराचं लॅच त्यांनी आधीच आणून ठेवलेलं, पिशवीत, पावतीसकट. ते मीच बसवलं, सुताराला हात लावू दिला नाही. त्या रात्री रिकाम्या हॉलमध्ये चटईवर पडलो होतो, मोबाईलवर जुनी गाणी चालू होती, त्यात हे लागलं. 'याल का हो बघायाला' आलं आणि मी उठूनच बसलो.
आता प्रश्न असा की गाणं लेकीचं आहे, शिवाय ते दीदी आणि मास्टर दीनानाथांच्या संदर्भातलं आहे असं सगळे सांगतात. मग त्यात मी माझा वन बीएचके घुसवतोय ही जबरदस्ती आहे का? बायको म्हणते तू गाण्यावर आपलं ओझं टाकतोस. खरं काय ते सांगा.

वाशीचा_श्रोता:
दादा, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. दीनानाथ १९४२ ला गेले तेव्हा दीदी १२ वर्षांच्या होत्या. पुढे एवढं सगळं उभं राहिलं आणि ते बघायला वडील नाहीत, हे डोक्यात ठेवून ऐका, मग 'वैभवाने' या शब्दाला केवढं वजन येतं बघा. तो संदर्भ सोडला तर उद्या ते कुठल्याही बापाचं गाणं होईल. तुमचा अर्थ ठेवा की, पण मूळचा त्याखाली दबू देऊ नका एवढंच म्हणणं.

नौपाड्याची_काकू:
सावळाराम मूळचे सांगली जिल्ह्यातले, येडेनिपाणीचे, पण झाले आमच्या ठाण्याचे, इथे नगराध्यक्षसुद्धा होते. लोक जनकवी म्हणायचे ते काही उगाच नाही. 'गंगा जमुना डोळ्यांत'ची गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात, स्टेशनवर एक आई लेकीला सासरी पाठवत होती, तिच्या तोंडचं 'दिल्या घरी सुखी रहा' यांच्या कानावर पडलं आणि त्यातून गाणं झालं. म्हणजे ती ओळ आधी त्या माऊलीची. कवीने तिच्याकडून घेतली, तू कवीकडून घेतलीस, त्यात काय बिघडलं रे बाळा?
आणि अजून एक, 'येशील का' नाही लिहिलंय, 'याल का हो' लिहिलंय. त्या 'हो'मध्ये घरातला बाप आहे, ज्याला अहोजाहो करायचो आणि ज्याच्यासमोर मोठ्याने काही मागायची हिंमत नसायची. तो फक्त दीदींचा कसा असेल? माझाही तसाच होता.

ऐरोली_शिफ्ट:
काकू +१. खरं सांगते, 'दिल्या घरी' ऐकलं की मला राग यायचा, मुलगी काय वस्तू आहे का द्यायला. मागच्या वर्षी लेकीला हॉस्टेलला सोडलं, गादी घालून दिली, बादली-मग घेऊन दिला, गेटपाशी आल्यावर बोलायला काही सुचेना, तोंडातून आलं ते 'सुखी रहा'. लग्न नाही, सासर नाही, काही नाही. 'दिल्या' मला अजूनही पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाहीये, पण पुढचे दोन शब्द माझे झालेत, ते आता कोणी मागितले तरी देणार नाही.

कोपरखैरणेकर:
काकू, आम्ही 'अहो बाबा'च म्हणायचो. इतकी वर्षं ऐकतोय पण त्या 'हो'कडे लक्षच गेलं नव्हतं, थँक्यू. वाशीकर, तुमचंही पटलं, म्हणून संध्याकाळी परत लावलं, पहिल्यांदा दीनानाथांना डोक्यात ठेवून, आणि खरंच वेगळंच ऐकू आलं. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा आई किचनमधून बाहेर आली. काही बोलली नाही, दारापाशी गेली, पदराने लॅच पुसलं आणि तिथेच उभी राहून गाणं पूर्ण ऐकलं.