रोजच्या कामात समाधान खरंच मिळतं, की आपण ते मानून घेतो?

खर्डेघाश

ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलाने परवा विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?" बावीस वर्षं मी हिशेबांचा ताळमेळ बघतोय. आमची वही एक आकडा सांगते, बँकेचं विवरणपत्र दुसरा, आणि दोन्ही एक होईपर्यंत शोधत बसायचं. अस्सल खर्डेघाशी, म्हणून तर हे नाव घेतलंय.

त्याला जे दाखवलं तेच इथे सांगतो. फरक आला 630. नवा माणूस पहिल्या ओळीपासून बरोबरच्या खुणा करत सुटतो. मी आधी 9 ने भागतो. नि:शेष भाग गेला, म्हणजे बहुधा कुणीतरी लिहिताना शेजारचे दोन अंक उलटेपालटे केलेत. शेवटी एक शून्य आहे, तर घोळ दशक आणि शतकाच्या घरात. 63 भागिले 9 म्हणजे 7, तेव्हा त्या दोन अंकांत 7 चं अंतर हवं: 0 आणि 7, 1 आणि 8, नाहीतर 2 आणि 9. आता शेकडो नोंदींतून फक्त या तीन जोड्यांवर नजर फिरवायची. सापडलं! 4,812 चं 4,182 झालं होतं. फरक शून्य.

त्या शून्याकडे मी मिनिटभर नुसता बघत बसतो. पाठ थोपटायला कुणी येत नाही, कुणाला कळतही नाही. तरी घरी जाताना पाय हलके असतात.

तर माझं म्हणणं असं, की समाधान हुद्द्यात नसतं, "देशसेवा", "समाजोपयोगी" असल्या शब्दांतही नसतं. हातातलं काम नीट जमण्यात असतं आणि ते कुठल्याही कामात सापडतं. ज्यांना सापडत नाही ते पाट्या टाकतात. चुकत असेन तर सांगा.

पाचच्या ठोक्याला

चुकताय. शेवटचं वाक्य तर फारच चुकलंय.

मी पाट्या टाकतो. नीट टाकतो, वेळेवर टाकतो, पाचला उठतो. नोकरी हा व्यवहार आहे: माझे आठ तास, त्यांचा पगार. त्यात "समाधान" ही तिसरी गोष्ट कुणी घुसडली? घरी लाकूडकाम करतो, परवा एका खुर्चीचा मोडका पाय नवा करून बसवला. समाधान तिथे. ऑफिसात ते शोधायला लागलं की माणूस सहाला, मग सातला उठायला लागतो, तेही फुकटात.

पाना-पक्कड

कारकूनसाहेबांशी शंभर टक्के सहमत. आमचं खातं देखभालीचं. यंत्र बंद पडलं की सगळे आमच्या नावाने शंख करतात, चालू असलं की आम्ही दिसतच नाही. म्हणजे आमचं काम चांगलं झाल्याचा पुरावा काय, तर काहीच झालं नाही.

स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. चांगलं बेअरिंग एकसुरी गुणगुणतं. बिघडायला लागलेलं आत कुठेतरी कचकचतं, बारीक वाळू चावल्यासारखं. वंगण कमी असेल तर आवाज वेगळा, गोळी झिजली असेल तर वेगळा. हे कागदावर लिहून देता येत नाही, हात आणि कान बसायला वर्षं जातात. गेल्या महिन्यात एक पंप सुट्टीच्या दिवशी उघडून बेअरिंग बदललं. जुनं हातात फिरवून बघितलं तर एका जागी खड्डा पडलेला. आठवडाभरात जाम झालंच असतं. तो खड्डा बघून जो आनंद झाला तो बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता.

रात्रपाळी

कारकूनकाका, तुमचं 630 वाचताना खरंच मजा आली. म्हणूनच राग आला.

मी फोनवर तक्रारी घेते. एका कॉलला सरासरी सहा मिनिटं, त्यापुढे पडद्यावरचा आकडा लाल होतो. काय बोलायचं ते समोर लिहिलेलं असतं. "आपली गैरसोय समजू शकते" हे वाक्य दिवसातून पन्नासदा म्हणायचं, तेही हसऱ्या आवाजात, कारण आवाजाला गुण असतात. मला जे येत नाही ते मी वरच्या विभागाकडे ढकलते. पुढे त्या माणसाचं काम झालं की नाही, मला कधीच कळत नाही. तुमचा फरक शून्य होतो, पाना-पक्कड यांना खड्डा दिसतो. मला काय दिसतं? पुढचा कॉल.

नीट काम करा म्हणजे समाधान मिळेल म्हणता. माझ्याकडे "नीट" म्हणजे लवकर फोन ठेवणं. आणि आम्ही पाट्या टाकतो म्हणालात, तर काका, पाटी किती सेकंदात टाकायची तेसुद्धा आमच्या हातात नाही.

उंटावरचा शहाणा

रात्रपाळी यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. थोडी पुस्तकी भर घालतो, सवय आहे, माफी असावी.

हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात हाच प्रश्न उलटा धरला. माणूस कसा आहे हे आधी न विचारता काम कसं बांधलंय ते बघा म्हणाले. पाच गोष्टी: कामात विविधता आहे का, एखादी गोष्ट अथपासून इतिपर्यंत आपल्या हातून होते का, तिने कुणाला फरक पडतो का, ती कशी करायची हे आपण ठरवतो का, आणि ती कशी झाली हे काम करता करताच कळतं का. गंमत त्यांच्या सूत्रात आहे. पहिल्या तिघांची सरासरी काढायची, मग तिला चौथ्याने आणि पाचव्याने गुणायचं. म्हणजे मोकळीक तळाला गेली की बाकीचं कितीही चांगलं असो, उत्तर खाली येणार. (पुढच्या अभ्यासांत हा गुणाकार साध्या बेरजेपेक्षा सरस ठरला नाही. पण त्या पाच गोष्टी टिकल्या.)

आता खर्डेघाश यांचं काम यावर लावून बघा. ते कंटाळवाणं दिसतं, पण कुठून शोधायचं हे तेच ठरवतात, फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचा, आणि शून्य आलं की निकाल तिथल्या तिथे. त्यांना समाधान सापडलं यात त्यांचा गुण आहेच, पण त्यांना ते काम बरं मिळालं होतं.

खर्डेघाश

शहाणेसाहेब, "बरं मिळालं होतं" हे जरा लागलं. मग सांगा, एकाच टेबलावरची, एकाच हुद्द्याची दोन माणसं एवढी वेगळी का असतात? तुमच्याच पुस्तकांतलं देतो. एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांच्या 1997 च्या अभ्यासात 24 प्रशासकीय सहाय्यक होते, काम साधारण एकच. त्यातल्या काहींना ती पोटापाण्याची नोकरी वाटत होती, काहींना वर जायची शिडी, आणि काहींना आपलं जीवितकार्य. तिन्ही गट जवळपास सारखे. काम एकच असेल तर हा फरक आला कुठून? माणसातूनच ना?

शिवाय रुग्णालयातल्या सफाई कामगारांवरही त्यांचाच एक अभ्यास आहे. काही जण फक्त फरशी पुसत. काही मात्र रुग्णांशी दोन शब्द बोलत, नर्सची गडबड बघून आपली वेळ बदलत, आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानत. हुकूम कुणाचाच नव्हता.

पाचच्या ठोक्याला

या सफाई कामगारांची गोष्ट साहेबलोकांना फार आवडते. प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवतात. पण त्या जास्तीच्या कामाचे पैसे त्यांना मिळाले का, हे कोणी विचारत नाही.

काकांनी अर्धंच वाचलं. बंडरसन आणि थॉम्पसन यांचा 2009 चा अभ्यास प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्यांवर आहे. प्राण्यांची देखभाल हेच आपलं जीवितकार्य मानणारी माणसं. त्यांना कामात अर्थ सापडत होता, शंकाच नाही. पण तीच माणसं कमी पगार, कमी सुखसोयी सहन करायला तयार होती, आणि व्यवस्थापनाने त्याचा फायदा घेणं सोपं होतं. पिंजरा झाडायला पदवीधर, आणि वर स्वतःच म्हणणार "प्राण्यांसाठी एवढं करायलाच हवं". तुमचं समाधान म्हणजे मालकाला मिळालेली सवलत आहे.

आणि पगाराने काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी: 1913 मध्ये फोर्डच्या कारखान्यात साधारण 14,000 माणसं टिकवायला वर्षात 52,000 वर भरती करावी लागली. सरकत्या पट्ट्यावरच्या कामाला कंटाळून लोक निघून जात. 1914 मध्ये रोजंदारी जवळपास दुप्पट केली आणि गळती झपाट्याने खाली आली, माणसं थांबली. काम तेच होतं, पट्टा तोच होता.

उंटावरचा शहाणा

थांबली, बरोबर. पण ती माणसं समाधानी झाली की नुसती थांबली? हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये सुमारे 200 अभियंते आणि लेखापालांच्या (खर्डेघाश, तुमचीच जात!) मुलाखतींवरून हाच भेद मांडला. पगार, साहेब, कामाची जागा वाईट असली की माणूस वैतागतो. ती चांगली केली की वैताग जातो, पण म्हणून समाधान येत नाही, ते कामातूनच यावं लागतं. अर्थात यावर टीका अशी की चांगलं घडलं तर "मी केलं" आणि वाईट झालं तर "साहेबामुळे" असं कोणीही मुलाखतीत सांगणारच.

आणि पाचच्या ठोक्याला, तुमच्यासाठी एक कोडं. चिक्सेंटमिहाय आणि लफेव्हर यांनी 1989 च्या अभ्यासात 78 नोकरदारांना आठवडाभर पेजर दिले. वाजला की त्या क्षणी काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं. तहानभूक विसरून रमण्याचे क्षण फावल्या वेळेपेक्षा कामावर कितीतरी जास्त निघाले. आणि तरीही कामावर असताना लोक लिहीत होते, दुसरं काहीतरी करत असतो तर बरं झालं असतं!

पाचच्या ठोक्याला

पेजरवाल्यांना खुर्चीचा पाय करायला द्यायचा होता.

पाना-पक्कड

रात्रपाळीताई, एक विचारू? तुमच्या कामात असा एकही कॉल नाही, जो ठेवल्यावर बरं वाटलं?

रात्रपाळी

आहे. गेल्या महिन्यातला. एका आजोबांना खातं उघडता येत नव्हतं, पासवर्ड बदलायचा होता. कागदावरची सूचना होती "दुव्यावर क्लिक करा". त्यांना दुवा म्हणजे काय तेच कळेना. मी समोरचा कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आजोबा, पडद्यावर निळ्या अक्षरांत काही दिसतंय का? त्यावर बोट ठेवा." मग एकेक अक्षर. मोठी लिपी, लहान लिपी, तो शेपटीवाला अ (@). एकोणीस मिनिटं. शेवटी उघडलं. ते फोन ठेवेनात, मीही ठेवेना.

त्या दिवशी माझा आकडा लाल गेला आणि दुसऱ्या दिवशी समज मिळाली. महिन्यातलं एकच समाधान आणि तेच नियम मोडून. आता याला कामातलं समाधान म्हणायचं, की कामाला चुकवून मिळवलेलं? काकांनी सांगावं.

खर्डेघाश

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण देता येत नव्हतं.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये गाळली. 630 चा किस्सा खरा आहे, त्या मुलाला दाखवलाही, पण तो तीन वर्षांपूर्वीचा. त्यानंतर ऑफिसात नवी प्रणाली आली. जुळणाऱ्या नोंदी ती स्वतःच जुळवते. जुळल्या नाहीत तर "4,812 आणि 4,182 एकच असू शकतात" असं पिवळ्या पट्टीत दाखवते. मी "मान्य" वर टिचकी मारतो. दिवसाला तीनशे टिचक्या. शून्य अजूनही येतं, पण ते माझं नसतं. मुलाने "कंटाळा नाही येत?" विचारलं तेव्हा मी त्याला जुनी गोष्ट सांगितली, आणि मग इथे तुम्हाला.

तेव्हा पाट्यांबद्दलचं वाक्य मागे घेतो. माणसावर काहीच नसतं हे मात्र अजून मान्य नाही. रात्रपाळी, तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या कुणीतरी त्या आजोबांना सहाव्या मिनिटाला वर ढकललं असतंच की.

रात्रपाळी

ढकललं असतं. आणि तिला समज मिळाली नसती. तिच्या घरी दोन लहान मुलं आहेत, मी तिला नावं ठेवणार नाही.

पाना-पक्कड

आमच्याकडेही कंपन मोजणारे सेन्सर बसवलेत. पंप बिघडायच्या आधी फोनवर संदेश येतो. मी तरी आधी स्क्रूड्रायव्हर लावतो आणि मग फोन बघतो. दोनदा मी आधी ओळखलं, चारदा सेन्सरने. मोजतोय.

खर्डेघाश

हा हा. मीही तेच करतो हो! पिवळी पट्टी हाताने झाकतो आणि नुसता फरक बघतो. सगळ्या नाही, दिवसातून दोन-तीन. साहेब जेवायला गेले की.

आजचा होता 2,700. कुणाला जमतंय?

उंटावरचा शहाणा

सोप्पं. 27 भागिले 9 म्हणजे 3. दोन शून्यं, म्हणजे शतक आणि हजाराचे अंक उलटे, त्यांत 3 चं अंतर. सात जोड्या शक्य, 0-3 पासून 6-9 पर्यंत.

रात्रपाळी

किंवा 1,350 ची नोंद जमेऐवजी नावे टाकली असेल. मग फरक बरोबर दुप्पट येईल. 9 ने भाग जातोय तो योगायोग.

खर्डेघाश

1,350 च होतं. जमेची नोंद नावे पडली होती. तुम्हाला कसं सुचलं?

रात्रपाळी

दहा मिनिटांची सुट्टी होती, सात गेली त्यात. चला, कॉल आला.